पीआरचा शेवटचा टप्पा : पासपोर्ट जमा करण्याआधी आणि परत आल्यावर

कॅनडातील कायमस्वरूपी निवासाच्या, म्हणजे पीआरच्या अर्जात मूळ पासपोर्ट सर्वांत शेवटी मागितला जातो. शिक्षण, नोकरीचा अनुभव, भाषेची परीक्षा, वैद्यकीय तपासणी, पोलीस दाखला आणि पैशांचा पुरावा तपासून झाला की कॅनडाच्या स्थलांतर खात्याकडून, म्हणजे आयआरसीसीकडून, पासपोर्ट पाठवण्याचे पत्र येते. अर्जदार या पत्राला पीपीआर म्हणतात. पासपोर्टवर व्हिसाचे स्टिकर लागते आणि त्यासोबत सीओपीआर, म्हणजे कायमस्वरूपी निवासाला दुजोरा देणारा कागद मिळतो. हे दोन्ही घेऊन मुदतीच्या आत कॅनडात उतरल्यावरच माणूस तिथला कायमचा रहिवासी होतो.

पत्र आले की घरात पेढे वाटले जातात आणि ते योग्यच आहे. तरी काम तेवढ्यावर संपत नाही. या टप्प्यावर खाते मनात दोन प्रश्न धरून असते. पासपोर्टवरची माहिती अर्जातल्या माहितीशी जुळते का, आणि अर्ज केल्यापासून अर्जदाराच्या घरात काही बदलले आहे का. या दोन्हींची उत्तरे अर्जदाराने पासपोर्ट हातचा जाण्याआधीच तपासून ठेवावीत. वर्ष-दोन वर्षांची मेहनत इथे एखाद्या अक्षरामुळे किंवा न सांगितलेल्या एका गोष्टीमुळे अडू शकते.

पासपोर्ट कोणाला द्यावा लागतो

भारतातून अर्ज करणाऱ्या भारतीय नागरिकाला कॅनडात जाण्यासाठी व्हिसा लागतो, म्हणून त्याला मूळ पासपोर्ट द्यावाच लागतो. सोबत जाणारा पती किंवा पत्नी आणि मुले यांचे पासपोर्टही त्याच वेळी मागितले जातात. भारतात तान्ह्या बाळालाही स्वतंत्र पासपोर्ट लागतो. आईच्या किंवा वडिलांच्या पासपोर्टवर त्याचे नाव असून भागत नाही.

जी व्यक्ती कॅनडात शिकायला किंवा कामाला आधीच राहते आणि तिथूनच पीआर घेते, तिची पद्धत वेगळी असते. तिला पासपोर्ट कुठेही पाठवावा लागत नाही. खात्याच्या पोर्टलवर ती फोटो आणि पत्ता भरते आणि सीओपीआर तिला ऑनलाइन मिळतो. भोर तालुक्यातील अनेक घरांत आता असे चित्र दिसते की मुलगा टोरंटोत नोकरीला आहे आणि सून व नातू गावी किंवा पुण्यात आहेत. तिथे मुलाचे काम पोर्टलवर होते, तर सुनेचा आणि नातवाचा पासपोर्ट इथून जमा करावा लागतो. अशा वेळी एक नियम पक्का लक्षात ठेवावा. सोबतच्या कुटुंबीयांना मुख्य अर्जदाराच्या आधी कायमचे रहिवासी होता येत नाही. त्याच्या बरोबर किंवा त्याच्यानंतरच त्यांना उतरता येते.

पत्र खरे की खोटे

पत्राची खातरजमा हे पहिले काम. खरे पत्र अर्जदाराच्या स्वतःच्या ऑनलाइन खात्यात किंवा त्याने नेमलेल्या अधिकृत प्रतिनिधीच्या खात्यात दिसते. त्यावर अर्जाचा क्रमांक आणि मुख्य अर्जदाराचे नाव असते, तसेच पासपोर्ट कुठे व किती दिवसांत द्यायचा हे लिहिलेले असते. ही मुदत सहसा 30 दिवसांची असते. नुसत्या व्हॉट्सॲपवर आलेल्या पीडीएफवर विसंबून कोणीही पासपोर्ट देऊ नये. पत्रासोबत एखाद्याच्या खासगी खात्यात किंवा यूपीआयवर पैसे भरायला सांगितले तर ते पत्र खोटे समजावे. आयआरसीसीचे शुल्क खात्याच्या स्वतःच्या संकेतस्थळावरच भरले जाते.

पैसे घेऊन कॅनडाच्या अर्जासंबंधी सल्ला देण्याचा अधिकार तिथल्या वकिलांना आणि स्थलांतर सल्लागारांच्या नियामक कॉलेजच्या परवानाधारकांना आहे. हे कॉलेज नोव्हेंबर 2021 मध्ये सुरू झाले. परवानाधारकांची नावे त्याच्या संकेतस्थळावरील नोंदवहीत कोणालाही पाहता येतात. भारताच्या 1967 च्या पासपोर्ट कायद्यानुसार पासपोर्ट ही केंद्र सरकारची मालमत्ता असते. फी थकली म्हणून तो अडवून ठेवण्याचा कोणत्याही एजंटाला अधिकार नाही.

पासपोर्ट उघडून वाचावा

पासपोर्ट जमा करण्याआधी घरातल्या सगळ्यांचे पासपोर्ट, अर्जाची प्रत आणि पत्र टेबलावर ठेवून एकेक रकाना ताडून पाहावा. बहुतेक लोक नाव आणि जन्मतारीख पाहतात आणि पुढे जातात. गावाकडच्या माणसाने जन्मस्थळाचा रकानाही पाहावा.

पुणे–सातारा महामार्गावरील वरवे बुद्रुकचेच उदाहरण घ्यावे. शेजारीच वरवे खुर्द आहे, म्हणून बुद्रुक हा शब्द गावाच्या नावापासून तोडता येत नाही. मराठीत गावाचे नाव एकाच पद्धतीने लिहिले जाते, पण इंग्रजीत कोणी ‘व्ही’ने सुरुवात करतो तर कोणी ‘डब्ल्यू’ने. कोणी बुद्रुक पूर्ण लिहितो आणि कोणी ‘बीके’ एवढ्यावर भागवतो. एका कागदावर गावाचे नाव असते, दुसऱ्यावर तालुका म्हणून भोर आणि तिसऱ्यावर थेट पुणे. हे सगळे वाचून घरच्यांना एकच ठिकाण कळते, पण कॅनडातल्या अधिकाऱ्याला ती तीन वेगळी ठिकाणे वाटू शकतात. अर्जात जन्मस्थळ पासपोर्टवर छापले आहे तसेच, त्याच अक्षरांत असावे. फरक असेल तर आयआरसीसीच्या वेबफॉर्ममधून कळवून पासपोर्टप्रमाणे दुरुस्त करून घ्यावा, कारण हीच माहिती पुढे सीओपीआरवर येते.

नावाचेही तसेच आहे. मराठी नावात स्वतःचे नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव आणि आडनाव असते. भारतीय पासपोर्टवर आडनावाचा रकाना वेगळा असतो आणि मधले नाव बहुधा स्वतःच्या नावासोबत एकाच रकान्यात छापलेले असते. अर्जातही ते तसेच भरलेले असावे. लग्नानंतर पत्नीच्या आधारवर सासरचे नाव आले आणि पासपोर्टवर माहेरचे राहिले, तर कॅनडाच्या अर्जासाठी पासपोर्टवरचे नाव धरले जाते. दुसरे नाव ‘पूर्वीचे किंवा इतर नाव’ म्हणून अर्जात सांगितलेले असावे आणि विवाह नोंदणीचा दाखला जवळ असावा. गावात ही नोंद ग्रामपंचायतीत होते.

मुदतीचा हिशेब

पीआरच्या व्हिसाची मुदत साधारणपणे दोन तारखांवर ठरते : वैद्यकीय तपासणीची वैधता, जी बहुधा तपासणीपासून 12 महिने असते, आणि पासपोर्टची मुदत. या दोन्हींपैकी जी तारीख आधी येते तिथे व्हिसा संपतो. समजा, वैद्यकीय तपासणी मार्चमध्ये झाली, म्हणजे पुढच्या मार्चपर्यंत वेळ आहे. पण पासपोर्ट त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये संपत असेल तर नोव्हेंबरच्या आतच कॅनडात उतरावे लागेल. सीओपीआरची मुदत वाढवून मिळत नाही. ती टळली तर अर्ज पुन्हा पहिल्यापासून करण्याची वेळ येऊ शकते.

म्हणून पासपोर्टची मुदत जवळ आली असेल तर तो आधी नवा करून घ्यावा. प्रौढांचा पासपोर्ट 10 वर्षांचा असतो. लहान मुलांचा 5 वर्षांचा असल्यामुळे घरात सहसा मुलाचाच पासपोर्ट आधी संपतो आणि सगळ्यांचे वेळापत्रक त्याच्याभोवती फिरते. वरवे परिसरातील रहिवाशांचा पासपोर्ट पुण्याच्या प्रादेशिक कार्यालयामार्फत निघतो आणि पत्ता गावाचा असेल तर पोलीस पडताळणी राजगड पोलीस ठाण्याकडून होते. नोकरीसाठी पुण्यात राहणाऱ्याने सध्या खरोखर जिथे राहतो तोच पत्ता द्यावा. पडताळणीला आलेल्या पोलिसाला माणूस घरी सापडला नाही की प्रकरण रेंगाळते.

नवा पासपोर्ट मिळाल्यावर त्याचा क्रमांक आणि प्रत वेबफॉर्ममधून लगेच कळवावी आणि जमा करताना जुना पासपोर्टही सोबत न्यावा. पत्र आल्यावर नूतनीकरण सुरू केले आणि 30 दिवस पुरणार नाहीत असे दिसले, तर मुदत संपण्याआधीच पासपोर्ट अर्जाची पावती जोडून वाढीव वेळ मागावा. न कळवता मुदत ओलांडणे हा सर्वांत वाईट मार्ग होय.

पासपोर्टची अवस्थाही पाहावी. भोरच्या बाजूला पावसाळा जबर असतो. लोखंडी कपाटात कापडाखाली ठेवलेल्या पासपोर्टला दमट हवा लागून पाने फुगतात, कडा पिवळ्या पडतात, कधी बुरशीचा ठिपका उमटतो. माहितीच्या पानावरचे लॅमिनेशन सुटले असेल, पान फाटले असेल किंवा शिवण उसवली असेल तर पासपोर्ट खराब समजला जाऊ शकतो. अशा वेळी तो बदलून घेणेच बरे. पासपोर्टला स्टेपल मारू नये, तो दुमडू नये आणि त्यावर पेनाने काही लिहू नये. व्हिसासाठी कोरी पाने शिल्लक आहेत की नाही हेही मोजून पाहावे.

घरात बदल झाला असेल तर

अर्ज भरला तेव्हाचे कुटुंब आणि पत्र आल्यावरचे कुटुंब यांत फरक पडला असेल तर तो पासपोर्ट देण्याआधी कळवणे बंधनकारक आहे. लग्न, घटस्फोट, बाळाचा जन्म, दत्तकविधान आणि जोडीदाराचा किंवा मुलाचा मृत्यू हे सगळे त्यात येते. नोकरी बदलली, पत्ता बदलला किंवा एखादा फौजदारी गुन्हा दाखल झाला, तर तेही कळवावे.

यातला लग्नाचा मुद्दा मराठी घरांत वारंवार येतो. अविवाहित मुलाने अर्ज केला आणि त्यावर वर्ष गेले. दिवाळीत साखरपुडा झाला, तुळशीच्या लग्नानंतरचा मुहूर्त धरला आणि तेवढ्यात पत्र आले. साखरपुड्याने वैवाहिक स्थिती बदलत नाही, लग्नाने बदलते. लग्न करून, ते न सांगता मुलगा अविवाहित म्हणून कॅनडात उतरला, तर त्याचे नुकसान दुहेरी होते. खोटी माहिती दिल्याचा ठपका येऊ शकतो. शिवाय कॅनडाच्या स्थलांतर नियमावलीतील कलम 117 नुसार, उतरताना न सांगितलेल्या आणि न तपासलेल्या जोडीदाराला किंवा मुलाला पुढे कुटुंब गटातून बोलावता येत नाही. याला अपवाद फार थोडे आहेत. नवी सून गावी आणि मुलगा परदेशी, अशी ताटातूट मग वर्षानुवर्षे चालू राहते.

यातून सरळ वाटा दोनच. पहिली, लग्न करून लगेच खात्याला कळवावे, पत्नीचे नाव अर्जात घालावे आणि तिची वैद्यकीय व पोलीस तपासणी होईपर्यंत थांबावे. दुसरी, आधी अविवाहित म्हणून कॅनडात उतरून पीआर व्हावे, मग गावी येऊन लग्न करावे आणि पत्नीला रीतसर बोलावून घ्यावे. पुढच्या कागदांसाठी ‘नोंदणी तेवढी आधी उरकून घेऊ, समारंभ नंतर करू’ असे घरातले वडीलधारे भल्या मनाने सुचवतात. पण नोंदणी झाली म्हणजे कागदोपत्री लग्न झाले. त्या दिवसापासून मुलगा कागदांवर विवाहित आहे आणि ते सांगणे त्याला भाग आहे.

बाळाचेही असेच. पत्र आल्यावर किंवा व्हिसा मिळाल्यावर मूल जन्मले, तर प्रवास थांबवून आधी कळवावे. त्याचा जन्मदाखला, पासपोर्ट आणि वैद्यकीय तपासणी पूर्ण होऊ द्यावी. जे मूल सध्या सोबत जाणार नाही त्याचेही नाव अर्जात असावे आणि त्याचीही तपासणी झालेली असावी.

फोटो, शुल्क आणि कागद

पीआरचा फोटो भारतातल्या नेहमीच्या पासपोर्ट फोटोपेक्षा मोठा असतो. त्याचे माप 50 मिलिमीटर रुंद आणि 70 मिलिमीटर उंच असते आणि हनुवटीपासून डोक्याच्या वरच्या टोकापर्यंत चेहरा 31 ते 36 मिलिमीटर भरावा लागतो. पार्श्वभूमी पांढरी किंवा अगदी फिकट असावी, चेहरा सरळ आणि तोंड मिटलेले असावे. फोटो 6 महिन्यांच्या आत काढलेला असावा. प्रत्येकाचे सहसा दोन फोटो मागतात. एका फोटोच्या मागे नाव, जन्मतारीख, स्टुडिओचे नाव व पत्ता आणि फोटो काढल्याची तारीख लिहावी लागते. स्टुडिओत जाताना ही मापे कागदावर लिहून न्यावीत, कारण ‘कॅनडाचा फोटो’ एवढे सांगितले तर बऱ्याचदा पर्यटक व्हिसाच्या मापाचा फोटो हातात पडतो.

कायमस्वरूपी निवासाच्या हक्काचे शुल्क अर्जासोबत भरले नसेल तर ते या टप्प्यावर भरावे लागते. 30 एप्रिल 2024 पासून ते प्रौढांसाठी 575 कॅनेडियन डॉलर झाले. ते दर दोन वर्षांनी बदलते, म्हणून भरण्याच्या दिवशीचा दर पाहूनच भरावे. पती आणि पत्नी दोघांना ते लागू असते, अवलंबून असलेल्या मुलांना नसते. भरल्याची पावती छापून ठेवावी.

जमा करायचा गठ्ठा असा असतो : सगळ्यांचे मूळ पासपोर्ट, पत्राची छापील प्रत, फोटो, व्हिसा केंद्राचा सही केलेला संमतीपत्राचा फॉर्म आणि पत्रात वेगळे मागितले असेल ते. पासपोर्टच्या पहिल्या आणि शेवटच्या पानाच्या, तसेच आधीच्या व्हिसांच्या प्रती काढून घरी ठेवाव्यात. पासपोर्ट हरवल्यास तक्रारीला आणि नव्या अर्जाला याच प्रती उपयोगी पडतात.

जमा कुठे आणि कसे करावे

भारतात कॅनडासाठी पासपोर्ट घेण्याचे काम व्हीएफएस ग्लोबल या कंपनीची केंद्रे करतात. मुंबईप्रमाणे पुण्यातही असे केंद्र आहे, त्यामुळे भोर–वेल्हे भागातल्या माणसाला खेड शिवापूरचा टोलनाका ओलांडून पुण्यापर्यंतच जावे लागते. भेटीची वेळ आधी घ्यावी लागते का आणि सेवाशुल्क किती, हे निघण्याआधी केंद्राच्या संकेतस्थळावर पाहून घ्यावे. बोटांचे ठसे आधीच दिलेले असतात, ते या वेळी पुन्हा घेत नाहीत. म्हणून कुटुंबातल्या एकाने सगळ्यांचे पासपोर्ट नेले तरी चालते. त्याच्याकडे बाकीच्यांनी सही केलेले अधिकारपत्र आणि स्वतःचे ओळखपत्र मात्र हवे.

कुरिअरने पाठवण्याचा आणि परत मागवण्याचा पर्यायही असतो. पत्ता शहरातल्या सोसायटीचा असेल तर तो सोयीचा आहे. ‘मु. पो. वरवे बुद्रुक, ता. भोर, जि. पुणे’ अशा पत्त्यावर घर क्रमांक नसेल तर कुरिअरवाला महामार्गावरून फोन करतो, फोन लागला नाही तर पाकीट परत जाते. अशा घरांनी पुण्याच्या केंद्रातून स्वतः जाऊन पासपोर्ट आणणे अधिक खात्रीचे.

काउंटर सोडण्यापूर्वी पावती वाचावी. पासपोर्टची संख्या, नावांची अक्षरे, फोन क्रमांक आणि परत घेण्याचा मार्ग बरोबर आहे ना, हे तिथेच पाहावे. पावतीवरच्या क्रमांकाने पुढे पासपोर्ट कुठवर पोहोचला हे कळते. व्हिसा द्यायचा की नाही हे आयआरसीसीचे अधिकारी ठरवतात, केंद्राकडे फक्त ने-आण असते. त्यामुळे केंद्रात वारंवार फोन करून निर्णय लवकर होत नाही.

पासपोर्ट हातात नसताना

पासपोर्ट परत यायला काही दिवसांपासून काही आठवडे लागतात. या काळात परदेश प्रवास ठरवू नये. बँकेत किंवा दुय्यम निबंधकाकडे ओळख लागली तर आधार आणि पॅन जवळ ठेवावे.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे व्हिसा लागलेला पासपोर्ट हातात येईपर्यंत नोकरीचा राजीनामा देऊ नये, घर किंवा जमीन विकायला काढू नये आणि रद्द न होणारे विमान तिकीट काढू नये. पासपोर्ट मागितला याचा अर्थ अर्ज मंजुरीच्या उंबरठ्यावर आहे एवढाच आहे. घरच्यांची काळजीपोटी चाललेली घाई समजण्यासारखी असते, पण या काही आठवड्यांत थांबणे हेच शहाणपणाचे.

पासपोर्ट परत आल्यावर

पाकीट फोडल्यावर व्हिसाचे स्टिकर आणि सीओपीआर दोन्ही शांतपणे वाचावीत. नाव, जन्मतारीख, जन्मस्थळ, पासपोर्ट क्रमांक, वैवाहिक स्थिती आणि मुदत संपण्याची तारीख पाहावी. चूक दिसली तर स्वतःच्या हाताने ती सुधारू नये. प्रवासाआधीच खात्याला कळवून दुरुस्त करून घ्यावी. सीओपीआरवर घरी सही करू नये, ती कॅनडात उतरल्यावर अधिकाऱ्यासमोर करायची असते. हा कागद लॅमिनेट करू नये आणि चेक-इनच्या बॅगेतही टाकू नये.

याच दिवशी मुदतीची तारीख घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवावी. शेवटच्या आठवड्यावर प्रवास टाकला आणि विमान रद्द झाले किंवा घरात आजारपण आले, तर सांभाळायला जागा राहत नाही.

इतर देशांशी गल्लत नको

नातेवाइकांचे अनुभव ऐकताना देश कोणता हे आधी विचारावे. ऑस्ट्रेलियाने सप्टेंबर 2015 पासून पासपोर्टवर व्हिसाचे लेबल लावणे बंद केले. तिथला व्हिसा पासपोर्ट क्रमांकाला ऑनलाइन जोडलेला असतो, त्यामुळे शेवटी पासपोर्ट पाठवण्याचा टप्पाच येत नाही. अमेरिकेच्या ग्रीन कार्डासाठी भारतातून अर्ज असेल तर वकिलातीत मुलाखत होते आणि व्हिसा मंजूर झाल्यावर पासपोर्ट तिथे ठेवून घेतला जातो. मेलबर्नच्या चुलतभावाने पासपोर्ट पाठवला नव्हता म्हणून कॅनडाचे पत्र संशयास्पद ठरत नाही.

कॅनडात उतरताना

पहिल्या विमानतळावर अधिकारी पासपोर्ट आणि सीओपीआर पाहतात आणि मोजके प्रश्न विचारतात. गुन्ह्यात शिक्षा झाली आहे का? कागदावर नसलेला जोडीदार किंवा मूल आहे का? गावी टेबलावर कागद मांडून जे ताडून पाहिले, तेच इथे पुन्हा विचारले जाते. 10,000 कॅनेडियन डॉलर किंवा त्याहून अधिक रक्कम सोबत असेल तर ती जाहीर करावी लागते. सोबत आणलेल्या आणि मागाहून येणाऱ्या सामानाची यादी द्यावी लागते. मंगळसूत्र, पाटल्या, बांगड्या असे दागिने असतील तर त्यांचे फोटो आणि सराफाचा मूल्यांकन दाखला यादीला जोडावा.

उतरल्यावर कॅनडातला पत्ता दिला की पीआर कार्ड टपालाने येते. हा पत्ता 180 दिवसांच्या आत दिला नाही तर कार्डासाठी वेगळा अर्ज आणि शुल्क लागते. पुढे दर 5 वर्षांत किमान 730 दिवस कॅनडात राहण्याची अट पाळावी लागते. पीआर झाले तरी नागरिकत्व भारताचेच राहते आणि पासपोर्टही भारताचाच. वरव्यातली आधीपासून नावावर असलेली शेतजमीन ठेवता येते, मात्र परदेशी रहिवासी झाल्यावर नवी शेतजमीन विकत घेता येत नाही. पुढे पासपोर्टची मुदत संपली की तो कॅनडातील भारतीय वकिलातीमार्फत नवा करावा लागतो आणि त्या वेळीही नाव, गाव आणि जन्मतारीख आधीच्याच अक्षरांत उतरली आहे ना, हे पाहून घ्यावे.